जुन्या नकाशाची उलटतपासणी

अकरावी-बारावीच्या भूगोलाची प्रात्यक्षिक वही उघडली की स्थलनिर्देशक नकाशाचे पान हमखास सापडते. प्रश्न ठरलेले असतात. सांकेतिक खुणा ओळखा. दोन ठिकाणांमधले अंतर काढा. समोच्च रेषांवरून उताराचा प्रकार सांगा. मुले उत्तरे लिहितात, गुण मिळतात आणि नकाशाची घडी पुन्हा कपाटात जाते. त्या कागदावर ज्यांच्या विहिरी, देवळे आणि पाऊलवाटा काढल्या आहेत ती माणसे कोण होती, हा प्रश्न वहीत नसतो.

दुसरीकडे गावाचा इतिहास लिहू पाहणारी हौशी मंडळी असतात. त्यांच्या हाती जुना नकाशा आला की ती त्याला ताम्रपटाचा मान देतात. ‘इंग्रजांच्या नकाशात तसं दाखवलंय’ एवढे म्हटले की वाद संपला.

आम्हाला या दोन्ही रीती पटत नाहीत. पहिलीत नकाशाला काही विचारलेच जात नाही, दुसरीत तो सांगेल ते खरे मानले जाते. जुना नकाशा हा साक्षीदार आहे. तो त्या काळी तिथे हजर होता, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो कोणाच्या सांगण्यावरून तिथे गेला होता, त्याने कशाकडे पाहिले आणि कशाकडे पाहिले नाही, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. या लेखात आम्ही अशा एका साक्षीदाराची तपासणी करणार आहोत. त्यासाठी भीमेचे खोरे निवडले आहे, कारण या भागात जुना नकाशा आणि आजची जमीन यांच्यातला फरक नजरेत भरण्याजोगा आहे.

इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांमधून भीमा वाहते. इंदापूर पुणे जिल्ह्यात, करमाळा सोलापूर जिल्ह्यात. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधले गेले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. त्यामागचा जलाशय म्हणजे यशवंतसागर. पूर्ण भरला की त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. भिगवणला रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे काठावर उभे राहून जे विस्तीर्ण पाणी पाहतात, ते हेच. १९८० नंतर जन्मलेल्या मुलांना हे पाणी कायमचेच वाटते. डोंगर असतो तसे पाणी असते. या मुलांपुढे धरणाच्या आधीचा नकाशा ठेवा. पाणी नाही. एक नदी आहे, तिला येऊन मिळणारे ओढे आहेत, काठाने गावे आहेत, गावांना जोडणाऱ्या वाटा आहेत. आणि मुलांच्या ओळखीची नावे अनोळखी जागी आहेत.

नकाशा कसा बनला, हे थोडक्यात सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. १९०५ च्या सुमारास एका समितीच्या शिफारशींवरून या विभागाने नव्या पद्धतीची, रंगीत छपाईची, समोच्च रेषा दाखवणारी पत्रके काढायला घेतली. आज जी ‘जुनी टोपोशीट’ म्हणून हाती येतात ती बहुतेक या परंपरेतली. प्रमाण एक इंचास एक मैल. मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून प्रमाण १:६३,३६०. दशमान पद्धत आल्यावर त्यांची जागा १:५०,००० च्या पत्रकांनी घेतली. दोन्ही प्रकारची पत्रके अक्षांश-रेखांशाच्या पंधरा-पंधरा मिनिटांची. आमच्या परिसराचे अंश-पत्रक ४७ जे, म्हणजे १८ ते १९ उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ पूर्व रेखांश. त्याचे सोळा तुकडे केले की भिगवण पंधराव्या तुकड्यात येते.

व्यवहाराची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एक इंची पत्रक नव्या पत्रकाशी ताडून पाहायचे असेल तर झेरॉक्सच्या दुकानात १२७ टक्के मोठे करून घ्यावे. ६३,३६० भागिले ५०,००० केले की हा आकडा मिळतो. हा भागाकार मुलांनाच करू द्यावा. ‘प्रमाण’ या धड्यातले अर्धे काम तिथेच होते.

साक्षीदार काय सांगतो

सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो रेल्वेमार्ग. मुलांना माहीत असलेली पुणे-सोलापूर गाडी भिगवणच्या पुढे ज्या वाटेने जाते, ती वाट जुन्या नकाशात नाही. रूळ डिकसळला येतात आणि तिथे भीमा ओलांडतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आला आणि पुढच्या वर्षी नदी ओलांडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेला. मधल्या काळात डिकसळ हे रुळांचे शेवटचे टोक होते. मालाच्या गाड्या तिथे रिकाम्या होत आणि पुढचा प्रवास बैलगाडीने. आज डिकसळचे नाव परिसराबाहेर फारसे कोणी घेत नाही. धरणामुळे रेल्वे दुसरीकडून वळवावी लागली आणि तिथला जुना पूल पुढे रस्त्यासाठी वापरात आला. रस्त्यावरच्या पुलाची कमान इतकी भक्कम आणि रुंदी इतकी कमी का, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडला तर त्याचे उत्तर जुन्या नकाशातल्या त्या काळ्या रेघेत आहे.

दुसरी गोष्ट गावांच्या जागांची. पळसदेव आज पुणे-सोलापूर महामार्गाशी आहे. जुन्या नकाशात ते नदीकाठी आहे. पाणी फार ओसरते त्या उन्हाळ्यात पळसनाथाचे जुने हेमाडपंती देऊळ वर येते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, लोक होडीतून पाहायला जातात. पलीकडे कुगावचा इनामदार वाडाही असाच कधीमधी दिसतो. नाव तेच राहिले आणि गाव मात्र हलले, हे या भागात अनेकदा घडले आहे. म्हणून इथे नकाशावर गाव शोधताना नावाच्या आधाराने शोधले तर फसगत होते. नव्या नकाशातले नाव आणि जुन्या नकाशातले नाव एकच, पण मधले अंतर काही किलोमीटर. गावाचा इतिहास लिहिताना ‘हे गाव यादवकाळापासून इथे आहे’ असे वाक्य लिहिण्याआधी ‘इथे’ म्हणजे कुठे, ते पाहायला हवे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. समोच्च रेषा या केवळ डोंगरांसाठी असतात अशी मुलांची समजूत असते. यशवंतसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. जुन्या नकाशातल्या उंच्या फुटांत असतात, म्हणून ४९६.८३ ला ०.३०४८ ने भागायचे. उत्तर येते १६३० फूट. एक इंची पत्रकावर दर पन्नास फुटांना एक समोच्च रेषा असते. तेव्हा १६०० आणि १६५० या दोन रेषांमध्ये, खालून तीन-पंचमांश अंतरावर, पेन्सिलीने एक रेघ ओढत न्यायची. नदीच्या दोन्ही काठांनी, प्रत्येक ओढ्याच्या पोटात शिरून बाहेर यायचे. रेघ पूर्ण झाली की आतला भाग निळ्या खडूने हलका भरायचा.

वर्गात हे केले तेव्हा पहिली पंधरा मिनिटे गडबड होती. मग हळूहळू शांतता झाली. निळा रंग गावांच्या नावांवरून पुढे सरकत होता. धरण होण्याच्या कितीतरी आधी छापलेल्या कागदावर मुले स्वतःच्या हाताने जलाशय काढत होती, आणि त्यांतल्या काहींच्या आजोबांची गावे त्या रंगाखाली जात होती. एका मुलीने रेघ मुद्दाम आपल्या जुन्या गावाच्या खालून नेली. तिला आम्ही काही म्हटले नाही. तिच्या रेघेतली चूक शेजारणीनेच दाखवली आणि दोघींत भांडण जुंपले.

ही रेघ आजच्या उपग्रहचित्रातल्या काठाशी तंतोतंत जुळत नाही. काही ठिकाणी चांगलीच चुकते. यात मुलांचा दोष थोडाच. पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या रेषेत वीस-पंचवीस फुटांची चूक सहज असू शकते. जमीन शंभर फुटांत एक फूट चढत असेल तर पंचवीस फुटांची चूक आडव्या अंतरात अडीच हजार फूट होते, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल, म्हणजे नकाशावर जवळजवळ अर्धा इंच. भीमेचा काठ सपाट आहे, म्हणून चूक पसरते. सह्याद्रीच्या अरुंद दरीत हाच प्रयोग केला तर रेघ पुष्कळ जवळून जुळेल. धरणाच्या कामात म्हणूनच अशा नकाशावर विसंबून न राहता प्रत्यक्ष पातळी घेऊन जमिनीवर खुणा कराव्या लागतात. त्या खुणेच्या एक हात वरच्या बाजूला ज्याचे घर, त्याचे घर राहिले आणि वाट, विहीर, बाजार, शेजार पाण्यात गेला. हे एखाद्या म्हाताऱ्याकडून ऐकले की समोच्च रेषा म्हणजे काय ते पुन्हा शिकवावे लागत नाही.

साक्षीदार कशाकडे पाहत नाही

आता त्याच्या दोषांकडे वळू. एक इंची नकाशा प्रशासनाच्या आणि लष्कराच्या उपयोगासाठी काढला गेला. फौजेला कुठून जाता येईल, पाणी कुठे मिळेल, गाडी कुठपर्यंत जाईल, मुक्काम कुठे करता येईल, हे त्याचे प्रश्न. म्हणून त्यात पक्की विहीर आणि कच्ची विहीर वेगळी. गाडीवाट वेगळी, ओझ्याच्या जनावरांची वाट वेगळी, पाऊलवाट वेगळी. डाकबंगला आहे, पोलीस ठाणे आहे, टपाल कचेरी आहे. एकटे उभे असलेले झाड आहे, कारण मोजणी करणाऱ्याला ते दुरून दिसते. ही माहिती अस्सल आहे आणि गावाच्या इतिहासासाठी तिचा उपयोग होतोच. पण हे प्रश्न गावाचे नव्हते.

गाव स्वतःला कसे ओळखत असे? मराठी मुलखात गावाचे दोन भाग, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे कसायची. नकाशात पांढरी हा लाल ठिपक्यांचा पुंजका आहे आणि काळीवर सर्वत्र एकच पिवळा रंग. पिवळा म्हणजे लागवडीखालची जमीन. पण त्यात ज्वारी होती की बाजरी, विहिरीवरचा ऊस होता की कोरडवाहू करडई, ते त्या रंगाला ठाऊक नाही. इंदापूरच्या बाबतीत हा दोष फार मोठा ठरतो. अवर्षणाचा तालुका ते उसाचा तालुका हा सगळा बदल जुन्या आणि नव्या पत्रकांवर पिवळ्याचा पिवळाच दिसतो.

लाल पुंजक्याचे तसेच. गावात कोणाची आळी कुठे, वेस कुठे, चावडी कुठे, पार कुठे, काही कळत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती कधी त्याच पुंजक्यात मिसळून जाते, तर कधी बिननावाचा वेगळा ठिपका होऊन बाजूला पडते. जातीने ठरवलेले अंतर नकाशात काही मिलिमीटरांचे असते आणि त्याचे कारण नकाशा सांगत नाही. शिक्षकाने ते टाळू नये असे आम्हाला वाटते. मुले ठिपका पाहतात आणि विचारतात. ‘असेल कोणाची तरी वाडी’ असे म्हणून पुढे जाणे सोपे असते. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केले, आणि ते चुकले.

या ठिकाणी दुसऱ्या साक्षीदाराला बोलवावे लागते, तो म्हणजे महसुली नकाशा. योगायोग असा की मुंबई इलाख्यातली नवी महसुली पाहणी सुरू झाली तीच इंदापूर तालुक्यापासून. प्रिंगलने आधी केलेली पाहणी फसली होती. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापुरात नव्या पद्धतीची जमाबंदी केली आणि तिचा नमुना पुढे इलाखाभर गेला. या पाहणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही गुंठा म्हणताना आपण त्याच साखळीने मोजत असतो.

गावनकाशात प्रत्येक शेताची हद्द असते, सर्व्हे नंबर असतो. त्याच्याशी आकारबंद आणि सातबारा जोडून वाचला की पिवळ्या रंगाला तोंड फुटते. सातबाऱ्यातला सातवा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारावा नमुना पीक कोणते ते सांगतो. शेतांना लोक ज्या नावांनी ओळखतात ती नावेही ऐकावीत. ‘हाडकी-हाडवळा’ हे नाव कानावर आले तर ती महार वतनाची जमीन. ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, नाव मात्र कित्येक ठिकाणी शेताला चिकटून राहिले. टोपोशीटवर हे नाव कधीच सापडणार नाही. गावनकाशाला मात्र चढउतार ठाऊक नाही. तो जमीन सपाट धरून चालतो, आणि शिवेपलीकडे त्याच्यासाठी जग संपते. दोन्ही नकाशे एकमेकांच्या चुका दाखवतात, म्हणून दोन्ही हवेत. एकच अडचण येते. एकत्रीकरण योजनेनंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना आकडा आणि नवा आकडा यांची जुळणी तलाठ्याकडे बसूनच करावी लागते.

नावांच्या बाबतीत इंग्रजी पत्रक फार तोकडे पडते. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘ण’ आणि ‘न’ एकच. कळस, कळाशी, पळसदेव ही नावे इंग्रजीतून पुन्हा मराठीत आणताना कलस, कलाशी, पलसदेव होऊन बसतात आणि मग कोणी तरी त्या ‘कलसा’ची व्युत्पत्ती शोधू लागतो. नाव आधी गावात ऐकावे आणि मगच नकाशात वाचावे. एक गोष्ट मात्र नकाशा चांगली दाखवतो, ती म्हणजे जोडनावे. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतून आले. बुद्रुक म्हणजे थोरला, खुर्द म्हणजे धाकटा. ही जोडगावे नकाशात शोधून त्यांच्यामध्ये नदी आहे, ओढा आहे की काहीच नाही, ते पाहिले की एक गाव दोन कसे झाले असेल याचा विचार सुरू होतो. जुन्या दप्तरात ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावेही सापडतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ती. नकाशात अशा जागी ओसाड गावाची खूण असली तर ती पाहायला अवश्य जावे. पांढरीची माती आणि खापरे अजून हाताला लागतात.

नदी ही हद्द की वाट?

आमचा मुख्य आक्षेप याच्या पुढचा आहे. या भागातल्या पत्रकावर भीमेच्या पात्राकडे पाहा. पात्राबरोबर जिल्ह्याच्या हद्दीची ठसठशीत तुटक रेघ जाते. पुणे अलीकडे, सोलापूर पलीकडे. नदी म्हणजे वेगळे करणारी गोष्ट, असे ती रेघ सांगते. आता त्याच पात्रावर लहान अक्षरांतला मजकूर शोधा. काठापर्यंत येणारी एक पाऊलवाट, समोरच्या काठावर पुन्हा सुरू होणारी तीच पाऊलवाट, मध्ये उताराची किंवा नावेची नोंद. या बारीक वाटा सांगतात की पावसाळा सोडला तर लोक नदी ओलांडून जात-येत होते. हद्दीची रेघ सरकारची होती. वाट ज्यांनी पायांनी पाडली, ती त्यांची. नकाशाने पहिलीला जाड केले, दुसरीला बारीक. नकाशा वाचणाऱ्याने हे वजन मनात उलटे करून घ्यायला हवे.

धरण झाले तेव्हा पाण्याचा पसारा वाढला. जिथे उन्हाळ्यात पाय भिजवून पलीकडे जात तिथे काही किलोमीटर रुंद पाणी आले. पण सोयरिकी, शेते, देवदेव, बाजार यांची जुनी वाट मोडली नाही. लोक होडीने जात राहिले, कारण रस्त्याने वळसा फार मोठा पडतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. बातमीत ‘जलाशयातील दुर्घटना’ असे छापून आले. जुना नकाशा शेजारी ठेवला की तिचा दुसरा अर्थ लागतो. त्या माणसांचा प्रवास जलाशयाचा नव्हता, नदीकाठच्या दोन शेजारगावांमधला होता. शेजार तसाच राहिला होता, फक्त मधली वाट बुडालेली होती.

पुलाची मागणी, लाँचची सोय, पुनर्वसनाची जागा असे प्रश्न गावात चर्चेला येतात तेव्हा आजचा नकाशा पुढे ठेवला जातो, आणि त्यात जलाशयाच्या दोन काठांचा काही संबंध दिसत नाही. संबंध दिसतो तो जुन्या पत्रकावर. आमच्या मते जुन्या टोपोशीटचे या परिसरातले सर्वांत मोठे ऐतिहासिक मूल्य या बारीक पाऊलवाटांत आहे, देवळांच्या आणि किल्ल्यांच्या खुणांत नाही. हौशी इतिहासकार नेमके खुणांकडे धावतात. असो.

वर्गातल्या एका मुलाच्या आजी शाळेत आल्या होत्या. त्यांचे माहेर करमाळ्याच्या बाजूचे, सासर इंदापूरच्या. आम्ही भिंतीवर नकाशा लावला होता. त्यांना तो काही केल्या उमगेना. आम्ही ‘ही नदी, हे गाव’ असे सांगत राहिलो, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मास्तर, खाली काढा बघू ते.’’ जमिनीवर पसरल्यावर त्यांनी कागद अर्धा फिरवला. उत्तर खाली, दक्षिण वर. करमाळ्याच्या काठावर उभे राहून नदीकडे तोंड केले की जग असेच दिसते. त्यानंतर बोट अडखळले नाही. इथे उतार, इथे पोरं डुंबायची, इथून डोक्यावर पाटी घेऊन यायचे. सासरी पन्नास वर्षे काढलेल्या बाईने नकाशा वाचला तो माहेरच्या अंगणातून. उत्तर दिशा वर हा छापखान्याचा नियम आहे, हे आम्ही इतकी वर्षे शिकवत होतो आणि तरी कागद फिरवण्याचे आम्हाला सुचले नव्हते.

आमची एक चूक

साक्षीदाराच्या चुका सांगितल्या, आता आमची सांगतो. एका स्नेह्याकडून एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकाची प्रत मिळाली. रेखांश जुळवून ती नव्या नकाशावर ठेवली, तर नदीसकट सगळी गावे चार किलोमीटरहून जास्त सरकलेली. आम्ही आनंदाने उड्या मारल्या. नदीने पात्र बदलले! मुलांना तसे सांगूनही टाकले. मग एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, नदीबरोबर टेकड्यापण सरकल्या का?’’

टेकड्या सरकत नाहीत. गोम रेखांशात होती. हिंदुस्थानातले सर्व रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजलेले, आणि मद्रासचा रेखांश पूर्वी जो धरला जाई तो खऱ्यापेक्षा सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दुरुस्ती नकाशांत आली. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे साधारण साडेचार किलोमीटर. त्यानंतरची पत्रकेही आजच्या उपग्रहाधारित नकाशांशी बरोब्बर जुळत नाहीत. पृथ्वीचा आकार मानण्याची पद्धत बदलल्यामुळे शंभर-दीडशे मीटरचा फरक राहतो. म्हणून मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश घेऊन जुन्या नकाशावरची विहीर शोधायला जाऊ नये. टेकडीचे शिखर, ओढ्यांचा संगम, जुना पूल अशा न हलणाऱ्या तीन-चार गोष्टी जुळवाव्यात आणि मग कागद बसवावा. देऊळही चालेल, पण या भागात देवळेसुद्धा गावाबरोबर हलली आहेत.

नकाशे मिळवणे पूर्वी फार अवघड होते. काही पत्रके निर्बंधित, बाकीच्यांसाठी अर्ज आणि हेलपाटे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली पत्रके वेगळी काढली, २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले, आणि खुली पत्रके सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागली. पण ती नवी पत्रके आणि त्यांची क्रमांकपद्धतीही वेगळी. जुनी एक इंची पत्रके महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत अजून असतात, बहुधा कापडावर चिकटवलेली आणि धुळीने भरलेली. तिथे जाऊन विनंती करावी, छायाचित्र घेऊ देतात. तीही न मिळाल्यास अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात सर्वेक्षण विभागाच्याच नकाशांवरून तयार केलेली १:२,५०,००० ची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली ठेवली आहेत. त्यांत पाऊलवाटा आणि विहिरी शोधू नयेत, तेवढे ते प्रमाण नाही. पण उजनीच्या आधीची भीमा आणि डिकसळवरून जाणारी रेल्वे त्यांवर पाहता येते, आणि एका तासिकेला तेवढे पुरते.

मूळ पत्रकावर कधीही काही लिहू नये. त्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्या कागदावर मांडावी. छापील नकाशातले काळ्या शाईने, गावनकाशातले लाल शाईने, माणसांकडून ऐकलेले पेन्सिलीने. पेन्सिलीच्या खुणेला क्रमांक द्यावा आणि मागच्या बाजूला सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. दोन माणसांनी एकाच जागेबद्दल वेगळे सांगितले तर दोन्ही खुणा राहू द्याव्यात. आमच्या कागदावर कळाशीसमोरचा उतार तीन ठिकाणी आहे.